बिडी, बंब आणि बीटा-कॅरोटीन: सीओपीडीच्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाना ६३ वर्षांचे. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातलं गाव, दीड एकर बागायत, तरुणपणी साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी काम. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, ‘नाना’ हेही खरं नाव नाही.) बिडी विशीतच लागली. उमेदीच्या काळात दिवसाला दीड-दोन बंडलं जायची, आता अर्धं जातं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही, घरात मटण-अंडं शिजत नाही. माळ घातली की दारू सुटते, सामिष सुटतं. तंबाखू मात्र बऱ्याच जणांच्या खिशात तशीच राहते. नानाही त्यातलेच.

सात-आठ वर्षं झाली, थंडी पडली की खोकला सुरू व्हायचा. सकाळचा अर्धा तास बेडका काढण्यात जायचा आणि रानातून घरी येताना चढावर दोनदा थांबावं लागायचं. गावात त्याला ‘दमा’ हे एकच नाव होतं आणि त्यावर गोळ्यांच्या पुड्या मिळत होत्या. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री झाली, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार, हे निदान कागदावर आलं आणि श्वासाच्या पंपाची चिठ्ठी मिळाली.

डिसेंबरात ते आमच्या वॉर्डात आले. वर्षभरात आजार बळावण्याची ही तिसरी वेळ होती आणि या वेळी दाखल करावं लागलं. संसर्ग उतरून स्थिर झाल्यावर केलेल्या तपासण्यांत चित्र असं होतं: श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा (एफईव्ही-१) अपेक्षेच्या ४३ टक्के, आणि एकूण सोडलेल्या हवेशी तिचं प्रमाण ०.५१. हे प्रमाण ०.७० च्या खाली गेलं की सीओपीडी धरतात. बसल्या जागी ऑक्सिजन ९२ टक्के, म्हणजे घरी ऑक्सिजनचं यंत्र लावण्याइतका खाली नव्हता. वजन ४६ किलो, उंचीच्या मानाने फारच कमी. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दर मायक्रोलिटरला ८०. घोट्यांवर थोडी सूज आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूवर किंचित ताण. बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत. वजन घटलेलं असल्यामुळे सीटी स्कॅनही केला. गाठ नव्हती, एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती मोडून झालेल्या पोकळ्या) मात्र भरपूर होता.

अडचण

तिसऱ्या दिवशी नर्सने नेहमीप्रमाणे घरची औषधं मागवून घेतली. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, एक रिकामा पंप होता आणि मोठ्या डब्यातल्या चकचकीत कॅप्सूल होत्या. पंप चार महिन्यांपूर्वीच संपला होता. पुन्हा आणलाच नव्हता.

कॅप्सूल मुलाने मागवल्या होत्या. तो पुण्यात नोकरीला, आईवडिलांवर जीव लावणारा आणि वाचणारा. धुरामुळे शरीरात फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू तयार होतात, ते फुफ्फुस पोखरतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना थोपवतात, हे त्याने इंटरनेटवर नीट वाचलं होतं. अमेरिकेत बनलेल्या या कॅप्सूल महिन्याला २,४०० रुपयांना पडायच्या, पंप साडेसहाशेचा. दोन्ही परवडेनात तेव्हा नानांनीच निवाडा केला. ‘‘आवं, पंपानं निस्ता दम मोकळा हुतो. ह्या गोळ्या मुळावर घाव घालत्यात म्हनं.’’

डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत दोन कॅप्सूलमधला रोजचा डोस दिला होता: बीटा-कॅरोटीन (गाजरातलं, शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते द्रव्य) २० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, शिवाय क जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे उत्पादन कुठल्याही आजाराच्या उपचारासाठी नाही.

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. ज्याचा उपयोग नक्की आहे ते औषध बंद पडलं होतं. आणि त्याच्या जागी जे चालू होतं त्यातली निदान एक गोष्ट बिडी ओढणाऱ्या माणसाला घातक ठरू शकते, हे चांगलं सिद्ध झालेलं होतं.

मुलाचं म्हणणं कितपत बरोबर होतं?

बरंचसं बरोबर होतं, म्हणूनच त्याच्याशी बोलणं सोपं नव्हतं. सिगारेटच्या एका झुरक्यात ऑक्सिडंट रेणूंची संख्या एकावर पंधरा शून्यं किंवा त्याहूनही जास्त भरते. बिडी त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. पुढे फुफ्फुसात गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी स्वतःही ऑक्सिडंट सोडत राहतात, त्यामुळे बिडी सुटल्यावरही हा मारा लगेच थांबत नाही. या माऱ्याने तीन वेगवेगळ्या ठिकाणी नुकसान होतं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे फुफ्फुसाचं रक्षण करणारं प्रथिन त्याने निकामी होतं आणि लवचिक तंतू खाणारी विकरं मोकाट सुटतात. चिकट कफ वाढतो. शिवाय एचडॅक-२ नावाचं एक विकर कमी पडतं. स्टिरॉइडला दाह शमवायला त्याची गरज असते, त्यामुळे दम्याच्या रुग्णाला स्टिरॉइड जितकं लागू पडतं तितकं सीओपीडीत पडत नाही.

फुफ्फुसाचा स्वतःचा बंदोबस्तही कच्चा नसतो. वायुकोशांच्या आतल्या पातळ थरात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट रक्तद्रवाच्या मानाने सुमारे शंभरपट असतं. पेशी ते तीन अमिनो आम्लांपासून बनवतात आणि त्यांतलं सिस्टीन सगळ्यांत आधी कमी पडतं. ४६ किलो वजनाच्या, जेवणात प्रथिनं जेमतेम असलेल्या माणसाच्या बाबतीत हा मुद्दा नुसता पुस्तकी राहत नाही.

इथपर्यंत मुलगा आणि आम्ही एकाच बाजूला होतो. फाटा फुटतो तो पुढे. ऑक्सिडंटने नुकसान होतं, म्हणून अँटिऑक्सिडंट गिळलं की ते भरून निघेल, हे निष्पन्न होत नाही. पाटाला पाणी सोडलं म्हणून ते उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचलंच असं नसतं. आणि गोळीच्या बाबतीत तर भलत्याच सरीत जाऊन ते पीक कुजवूही शकतं.

हे कुजणं मोजलं गेलं आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ‘एटीबीसी’ हा मोठा अभ्यास झाला आणि १९९४ मध्ये त्याचा निकाल आला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या ‘कॅरेट’ अभ्यासात बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं होतं; कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. धुराने भरलेल्या, भरपूर ऑक्सिजन असलेल्या फुफ्फुसात बीटा-कॅरोटीन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे उलटं काम करतात, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. ई जीवनसत्त्वाचंही तसंच. ४०० युनिटच्या रोजच्या डोसावरच्या एका मोठ्या अभ्यासात, २००५ मध्ये, हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. नानांचे घोटे सुजलेले होते, तेव्हा हा आकडा बाजूला सारता येत नव्हता.

नानांच्या डब्यावरचे डोस आणि फिनलंडच्या व ई जीवनसत्त्वाच्या अभ्यासांतले डोस तंतोतंत जुळले, हा योगायोगच. एरवी ‘हे थोडं कमी आहे, चालेल का’ यावर बराच वेळ गेला असता.

समोरचे पर्याय

पंप पुन्हा सुरू करायचा आणि कॅप्सूलही चालू ठेवायच्या, म्हणजे मुलाचं मन राखलं जाईल, असं एक मत आमच्यातच होतं. बिडी सुटलेली असती तर कदाचित त्यावर विचार झाला असता. बिडी चालू असताना तो पर्याय उरला नाही.

मग पंपाच्या पुढे काय द्यायचं? वर्षात तीन वेळा आजार बळावलेल्या रुग्णाला लांब पल्ल्याची दोन श्वासनलिका-रुंदक औषधं एकत्र असलेला पंप द्यायचा, यावर दुमत नव्हतं. त्यात स्टिरॉइडची भर घालावी का? इओसिनोफिल १०० च्या खाली असले की त्याचा फायदा फारसा होत नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. क्षयाच्या देशात तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो. ते वगळलं. रोफ्लुमिलास्ट ही दाह कमी करणारी गोळी कफाच्या सीओपीडीत चालते, पण तिने भूक मंदावते आणि वजन उतरतं. नानांकडे उतरवायला वजनच नव्हतं. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक महिनोन्‌महिने देता येतं, मात्र बिडी ओढत असलेल्यांत त्याचा गुण कमी येतो आणि ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो. नानांना आधीच एका कानाने कमी ऐकू येत होतं.

राहिलं एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे एनएसी. हे कफ पातळ करणारं जुनं औषध शरीराला सिस्टीनही पुरवतं, म्हणून अँटिऑक्सिडंटच्या चर्चेत ते नेहमी येतं. पुराव्याचा ताळेबंद मात्र सरळ नाही. युरोपात ५२३ रुग्णांना तीन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २००५ च्या त्या निकालात फुफ्फुसाची घसरण थांबली नाही आणि आजार बळावण्याचं प्रमाणही एकूणात घटलं नाही. स्टिरॉइडचा पंप न घेणाऱ्यांत ते कमी दिसलं, एवढाच काय तो दिलासा. चीनमध्ये १,००६ रुग्णांना दुप्पट डोस, ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिला. २०१४ चा तो निकाल बरा होता: दर रुग्णामागे वर्षाला आजार बळावण्याच्या वेळा नकली गोळीच्या गटात १.४९, एनएसीच्या गटात १.१६. मग २०२४ मध्ये चीनमधूनच सौम्य ते मध्यम आजाराच्या ९६८ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास आला आणि त्यात फरक दिसला नाही.

हे सगळं एकत्र ठेवून माझं मत असं: एनएसी फुफ्फुस दुरुस्त करत नाही. ज्याला कफ भरपूर आहे, ज्याचा आजार वारंवार बळावतो आणि जो स्टिरॉइडच्या पंपावर नाही, त्याच्या वाट्याला एखादी दाखल होण्याची वेळ कमी येऊ शकते. नाना या चौकटीत बसत होते. आणि फुफ्फुसाचा फायब्रोसिस (फुफ्फुसात चट्टे पडून ते कडक होण्याचा आजार) असलेल्या कुणी हे वाचून हीच गोळी मागू नये. तिथे प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रीन आणि एनएसी यांच्या एकत्रित उपचारात मृत्यू वाढले म्हणून २०११ मध्ये अभ्यासाचा तो भाग थांबवला गेला. पुढे नुसत्या एनएसीनेही काही साधलं नाही.

आहाराचा पर्यायही गंभीरपणे धरला. ग्रीसमध्ये १२० रुग्णांवर तीन वर्षं चाललेल्या एका छोट्या अभ्यासात फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्या गटाची फुफ्फुसं तुलनेने बरी राहिली. स्वीडनमधल्या ४४ हजारांवर पुरुषांच्या पाहणीत फळं-भाज्यांचं प्रमाण वाढत गेलं तसा धूम्रपान करणाऱ्यांत सीओपीडीचा धोका घटत गेलेला दिसला. पाहण्यांमधून कार्यकारण ठामपणे सांगता येत नाही, पण अन्नातून कर्करोग वाढल्याचं कुठे दिसत नाही. उलट फिनलंडच्याच अभ्यासात, सुरुवातीला जेवणातून बीटा-कॅरोटीन जास्त घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होता.

काय केलं

कॅप्सूल बंद करायचं बोलणं मुलाशी केलं, नानांशी नाही. निर्णय नानांचाच होता, पण डब्यामागचा विश्वास मुलाचा होता. त्याला फिनलंडचे आकडे दाखवले आणि डब्यावरचा डोस शेजारी ठेवला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याचा पहिला प्रश्न आला, ‘‘म्हणजे गाजरपण बंद करायचं का?’’ प्रश्न रास्त होता. कच्च्या गाजरातलं बीटा-कॅरोटीन शरीरात कमीच उतरतं, हळूहळू उतरतं आणि त्याच्यासोबत इतर शेकडो घटक येतात. गाजर, शेवगा, मेथी, शेपू सगळं चालू. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: ‘‘मी त्यांना दीड वर्ष हे देतोय, त्याचं काय?’’ अभ्यासांतला वाढीव धोका वर्षानुवर्षांच्या डोसाचा आहे, सीटीमध्ये गाठ नाही आणि गोळ्या थांबल्यावर हा धोका ओसरत जातो, इतकंच सांगितलं. त्याहून जास्त दिलासा देण्यासारखं काही नव्हतं.

पंप सुरू केला आणि तो नानांच्या हातात देऊन आमच्यासमोर ओढायला लावला. ते पंपात फुंकत होते. पावडरचा पंप आत ओढायचा असतो, जोरात आणि खोल; फुंकलं की अर्धं औषध बाहेर उडतं. दोन वर्षांत हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पंपाने नुसता ‘दम मोकळा’ व्हायचा, तोही कसाबसा का, याचं उत्तर इथे मिळालं.

एनएसीच्या निवडीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळीत सोडियम असतं. रक्तदाब आणि घोट्यांवर सूज असलेल्या माणसाला रोज अशा दोन गोळ्या देणं बरं नव्हतं, म्हणून न फसफसणारी साधी गोळी शोधली. खोकला दाबणारं सिरप घरातून काढून टाकायला सांगितलं. कफ पातळ करायचा आणि खोकला दाबायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत.

गोळीचं पाकीट फोडलं आणि वॉर्डातच पेच उभा राहिला. एनएसीला गंधकाचा वास येतो, थेट नासक्या अंड्यासारखा. नानांनी गोळी बशीत ठेवली आणि विचारलं, ‘‘डॉक्टर, ह्यात अंडं हाय का?’’ अंडं नव्हतं. पण सिस्टीन कारखान्यात पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात, आंबवण्याच्या प्रक्रियेनेही बनवतात, आणि कुठल्या गोळीत कुठलं आहे हे पाकिटावर नसतं. माळकऱ्याला हे सांगावं की नाही? सांगितलं. नानांनी थोडा विचार केला. ‘‘औषदाला दोष न्हाई,’’ म्हणाले आणि गोळी घेतली. ते नाही म्हणाले असते तर कार्बोसिस्टीन हे कफ पातळ करणारं दुसरं औषध हाती होतं, पण मूळ घटक तोच असल्याने प्रश्न तिथेही सुटला नसता.

बिडीसाठी निकोटीनचं च्युइंगम दिलं, तर चावायला दात नव्हते. मग पट्ट्या लावल्या. सोडायचा दिवस नानांनी स्वतः ठरवला, माघी एकादशी.

आणि बंब. हा मुद्दा फिजिओथेरपिस्टमुळे निघाला. कागदावर ‘स्वयंपाकाचं इंधन’ या प्रश्नापुढे सगळ्यांनी ‘गॅस’ लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. उज्ज्वला योजनेतला सिलिंडर घरात होता, स्वयंपाक त्यावरच व्हायचा. फिजिओथेरपिस्टने व्यायामाचं वेळापत्रक बसवायला विचारलं, ‘‘सकाळी उठल्यापासून काय काय करता?’’ नाना सांगू लागले: पहाटे पाचला उठायचं, पडवीत बंबापाशी शेकत बसायचं. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब, त्यात पाचट, तुरकाठ्या, कणसांची बुरकुंडं. पडवीला एकच खिडकी, तीही थंडीत बंद. घरातली चारही माणसं अंघोळीला जाईपर्यंत नाना तिथेच, पाऊण-एक तास. दिवसाची पहिली बिडीही बंबाच्याच निखाऱ्यावर पेटायची.

स्वयंपाक गॅसवर आणि पाणी लाकडावर, ही घडी ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास आहे. आपल्या नोंदींमध्ये मात्र ती सापडत नाही, कारण आपण फक्त चुलीबद्दल विचारतो.

बंब परसात उघड्यावर हलवला आणि मुलाने विजेचा गिझर बसवला. कॅप्सूलच्या अडीच महिन्यांच्या पैशांत तो आला. आहारात रोज दोन वेळा डाळ-उसळ, दोन मोठे ग्लास दूध, शेंगदाणे, हंगामात पेरू आणि आवळा. ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरला ८ नॅनोग्रॅम निघाली, म्हणून तेही भरून काढलं. १० च्या खालच्या रुग्णांत त्याने आजार बळावणं कमी होतं याला बरा आधार आहे. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस, आठवड्यातून दोनदा चालण्याचा आणि श्वासाचा व्यायाम.

मावशींची, म्हणजे नानांच्या पत्नीची स्पायरोमेट्री जवळजवळ जबरदस्तीने केली. ‘‘मला काय झालंय? मी कवा बिडी वडली?’’ खरंच, ओढली नव्हती. पण तीस वर्षं चूल, मग बंब, आणि दर आठवड्याला तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजून मिश्री करणं. प्रमाण ०.६६ निघालं, म्हणजे ०.७० च्या खालीच.

काय झालं

बिडी माघी एकादशीला सुटली, वैशाखात गावच्या जत्रेत पुन्हा लागली, आषाढात परत सुटली. त्यानंतर नानांनी ती घेतलेली नाही, असं ते आणि मावशी दोघंही सांगतात, आणि मावशी त्यांची बाजू घेणाऱ्यांपैकी नाहीत.

वर्षभराने एफईव्ही-१ ४२ टक्के, म्हणजे जिथल्या तिथे. वजन ४९ किलो. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर २४० मीटरवरून ३०५ मीटर. सकाळचा बेडका अजून आहे, पण पातळ आणि कमी, दहा मिनिटांत मोकळा होतो. आजार एकदाच बळावला, सप्टेंबरात, तोही घरी औषधं घेऊन उतरला. घोट्यांची सूज गेली.

यात एनएसीचा वाटा किती? सांगता येत नाही. पंप योग्य पद्धतीने ओढला जाऊ लागला, बिडी सुटली, पडवीतला धूर गेला, लस मिळाली, वजन वाढलं, ड जीवनसत्त्व भरलं आणि एनएसी सुरू झालं, बहुतेक सगळं तीन महिन्यांच्या आत. पैज लावायची झाली तर मी पंप आणि धूर या दोघांवर लावीन. मुलगा एनएसीला श्रेय देतो. तेही अँटिऑक्सिडंटच आहे, म्हणजे त्याचा मूळ विचार बरोबर होता, असं तो हसत म्हणतो आणि त्याला खोडून काढण्यात मला फारसा रस नाही.

वर्षाच्या शेवटी एनएसी चालू ठेवायचं की नाही, यावर आमच्यात एकमत झालं नाही. सहकारी म्हणाले, ज्या अभ्यासाच्या आधारावर दिलं तो एका वर्षाचाच होता, आता थांबवून बघू. मला हिवाळ्याच्या तोंडावर ते थांबवायचं नव्हतं. नानांना विचारलं, तर वासाची सवय झाली होती आणि महिन्याचा खर्च झेपत होता. फेब्रुवारीपर्यंत चालू, मग बंद करून उन्हाळाभर बेडका आणि धाप यांची नोंद ठेवायची, असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

औषधांची पिशवी तिसऱ्या दिवशी उघडली. बाह्यरुग्ण विभागात, आधीच्या दोन वेळा आजार बळावला तेव्हा कुणीतरी ती उघडली असती तर हा मुक्काम कदाचित टळला असता. ‘कुठली औषधं घेता?’ या प्रश्नात कॅप्सूल येत नाहीत, कारण घरात त्यांना औषध समजतच नाहीत. ‘ताकदीचं, आयुर्वेदिक, पोस्टाने मागवलेलं काही घेता का?’ असं विचारलं की डबा बाहेर येतो. तसंच पंपाचं. चिठ्ठी देताना एकदा समोर ओढून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

एनएसी तीन महिने उशिरा सुरू करता आलं असतं. पंप, बिडी आणि बंब यांचा परिणाम आधी स्थिरावू द्यायचा, बेडका तरीही तितकाच राहिला तरच गोळी द्यायची. मग वर्षअखेरचा वाद इतका आंधळा झाला नसता. याच्या विरुद्ध बाजूला वजन होतं ते डिसेंबरातल्या मुक्कामाचं: दाखल होऊन घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने पुन्हा बळावण्याच्या दृष्टीने सगळ्यांत जोखमीचे असतात, आणि ते नेमके थंडीत येत होते. पुढच्या अशाच रुग्णाला उन्हाळ्यात पाहिलं तर मी टप्प्याटप्प्याने जाईन. डिसेंबरात पाहिलं तर बहुधा पुन्हा सगळं एकदमच सुरू करीन.

मावशींचं मात्र तसं नाही. त्यांची तपासणी नानांचं निदान झालं त्याच वर्षी व्हायला हवी होती. एकाच पडवीत एकच धूर दोघांनी घेतला होता. मिश्री त्यांनी अजून सोडलेली नाही; भाजणं तेवढं बंद झालंय, आता दुकानातून तयार डबी येते. त्यामुळे फुफ्फुसाचा धूर वाचला आणि तोंडाच्या कर्करोगाची काळजी तशीच राहिली. त्यांच्यासाठी दंतवैद्याकडची वेळ घेतली आहे.